लिंकरला फक्त नाव कळतं

कंपायलर प्रत्येक फाइल सुटी तपासतो. त्या तुकड्यांची सांधेजोड लिंकर करतो. आणि लिंकरला प्रकार कळत नाहीत, कळतं ते फक्त नाव. फंक्शन इंट घेतं, पण दुसऱ्या फाइलमधली घोषणा डबल सांगते, तरी सी भाषेत दोन्ही बिनबोभाट जुळतात. चूक उमगते प्रोग्रॅम चालताना, कित्येकदा तेव्हाही नाही. ब्यार्ने स्ट्रूस्ट्रुप यांच्या सी++ कंपायलरने, सीफ्रंट २.० ने, १९८९ मध्ये यावर तोड काढली: पॅरामीटरचे प्रकार सरसकट नावातच गुंफायचे. आज जीसीसी आणि क्लँग हे कंपायलर पाळतात त्या इटॅनियम एबीआयच्या, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे एकमेकांशी जुळवण्याच्या, नियमांनुसार, दोन इंट घेणाऱ्या ‘ॲड’चं नाव होतं अंडरस्कोर, झेड, ३, ॲड, आय, आय. यालाच नेम मँगलिंग म्हणतात.

याची चाचणी वरवर सोपी वाटते. घोषणा लिहा, कंपाइल करा, निघालेलं नाव अपेक्षित नावाशी ताडून पाहा. पण अपेक्षित नाव आणायचं कुठून? कंपायलरने छापलेलंच चाचणीत चिकटवणं म्हणजे परीक्षार्थ्याच्या वहीवरून आदर्श उत्तरं उतरवून घेणं. कंपायलर नेहमी एकाच तऱ्हेने चुकत असेल, तर अशा चाचण्या वर्षानुवर्षं हिरव्याच राहतील. नाव नियमावलीवरून हातानेच काढायला हवं. काम किचकट आहे, पण नियम खरा वाचला जातो तो तेव्हाच: दोन कॅरेक्टर पॉइंटर घेणाऱ्या फंक्शनच्या नावात दुसरा पॉइंटर पुन्हा लिहीत नाहीत, पहिल्याकडे बोट दाखवणारी खूण ठेवतात, हे असंच मनात ठसतं. शिवाय एक फाइल जीसीसीने, दुसरी क्लँगने कंपाइल करून दोन्ही जोडून पाहाव्यात. नाव हा अनोळखी कंपायलरला दिलेला शब्द असतो. घरच्या घरी त्याची खातरजमा होत नाही.

वेगळ्या फंक्शनांची नावं वेगळी निघतात का, हे सगळेच तपासतात. उलट बाजू मात्र निसटते. टाइपडेफने दिलेलं टोपणनाव किंवा इंट पॅरामीटरला लावलेला कॉन्स्ट यांनी नाव बदलता कामा नये. बदललं, तर लिंकरला व्याख्या सापडत नाही आणि बिनचूक प्रोग्रॅम अडून बसतो. साध्या फंक्शनच्या नावात परतीचा प्रकार येतच नाही, म्हणून तिथली विसंगती आजही लिंकरच्या हातून सुटते. ही फटसुद्धा चाचणीत लिहून ठेवावी, म्हणजे कोणी संरक्षणाचा खोटा भरवसा धरणार नाही.

सर्वांत अवघड असते ती जगात पोहोचलेली चूक. चुकीचं नाव लायब्ररीत गेलं की त्यावर इतरांचे प्रोग्रॅम उभे राहतात. जीसीसीने ३.४ आवृत्तीत आणलेला एबीआय क्रमांक २ हा ४.९ पर्यंत मूळ पर्याय राहिला. मँगलिंगच्या दुरुस्त्या पुढच्या क्रमांकांखाली तयार होत्या, पण त्या मागून घ्याव्या लागत. मला हा संयम योग्य वाटतो. म्हणूनच दुरुस्ती झाल्यावर जुन्या नावाची चाचणी पुसू नये. एकाच घोषणेसमोर दोन्ही उत्तरं, आपापल्या क्रमांकासह, ठेवावीत.