शाळाप्रमुखाची घडण आणि व्यवहारप्रज्ञेचा प्रश्न

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये केलेल्या कायद्यातून ‘चार्टर शाळा’ हा प्रकार प्रथम अस्तित्वात आला. सरकारी पैशावर चालणारी, विनाशुल्क, तरीही सरकारी शाळांच्या अनेक नियमांतून मोकळी असलेली ही शाळा एका सनदेवर, म्हणजेच मुदतीच्या करारावर, उभी असते. सनद देणारी संस्था मुदत संपताना शाळेची कामगिरी तपासते आणि ती असमाधानकारक वाटल्यास शाळा बंद करू शकते. साहजिकच शिक्षकांची निवड, अंदाजपत्रक, इमारत, अपंग विद्यार्थ्यांची सोय असे जे निर्णय एरवी जिल्हा कार्यालयात वाटले गेले असते, त्यांतील बरेचसे एकट्या शाळाप्रमुखावर येऊन पडतात.

हे ओझे पेलणारी माणसे घडवण्यासाठी तेथे प्रशिक्षणक्रम निघाले. ‘किप’ या शाळासमूहाची २००० मध्ये सुरू झालेली फिशर पाठ्यवृत्ती हे त्यांचे ठळक उदाहरण. परंतु नेतृत्व शिकवता येते का, हा प्रश्न त्या क्रमांहून फार जुना आहे. ॲरिस्टॉटलने कौशल्य आणि ‘फ्रोनेसिस’ यांत भेद केला. फ्रोनेसिस म्हणजे व्यवहारप्रज्ञा, विशिष्ट प्रसंगी काय करणे उचित आहे हे ओळखण्याची शक्ती. तरुण माणूस उत्तम भूमितिज्ञ होऊ शकतो, व्यवहारप्रज्ञ मात्र होत नाही, कारण ती प्रज्ञा अनुभवाने येते, असे तो म्हणतो. प्लेटोने तर आपल्या राज्यकर्त्यांना पंधरा वर्षे प्रत्यक्ष कारभारात राबवून पन्नाशीनंतरच सर्वोच्च अधिकारास पात्र मानले. किपचे दोन्ही संस्थापक १९९४ मध्ये तो समूह सुरू करताना जेमतेम पंचविशीत होते, आणि प्लेटोच्या वेळापत्रकाची वाट पाहण्याइतकी सवड कोणत्याही शहराला नसते, हेही खरेच.

अंदाजपत्रक कसे वाचावे, वर्गनिरीक्षण कसे करावे, हे वर्षभरात शिकवता येते. वारंवार वर्ग उधळणाऱ्या मुलाला ठेवावे की काढावे, हा प्रश्न मात्र वेगळ्या जातीचा आहे, कारण त्याच्या जाण्याने चाचण्यांची सरासरी कदाचित सुधारेल आणि सनदेचे नूतनीकरणही सुकर होईल. नियमावली येथे फार तर मर्यादा आखून देते, निवाडा प्रमुखालाच करावा लागतो. महत्त्वाच्या बाबतीत स्वतःच्या निर्णयशक्तीवर विसंबता येत नसेल, तर माणसे इतरांशी विचारविनिमय करतात, हे ॲरिस्टॉटलचे निरीक्षण म्हणूनच पूर्वतयारीपेक्षा पाठबळाकडे अधिक बोट दाखवते.

परंतु सल्ला मागणे म्हणजे आपली शंका उघड करणे, आणि जी संस्था शाळा बंद करू शकते तिच्यापुढे शंका उघड करणे शहाणपणाचे ठरत नाही. शेजारच्या शाळेचा प्रमुख समदुःखी असला तरी निधी पटसंख्येनुसार मिळत असल्याने तो प्रतिस्पर्धीही असतो. उरतो तो निवृत्त, निःस्वार्थ असा ज्येष्ठ सहकारी. मात्र त्याचेही मानधन शाळेच्या विश्वस्त मंडळानेच द्यायचे असेल, तर त्याच्यापुढेही शंका मोकळेपणाने मांडता येत नाही, कारण प्रमुखाला नेमण्याचा आणि काढण्याचा अधिकार त्याच मंडळाकडे असतो.