बागेत आलेल्यांसाठी चित्रं

सुरतेच्या लिंबायत, उधना, डिंडोली भागात मराठी कानावर पडत नाही असा रस्ता सापडणं कठीण, आणि त्यातली पुष्कळशी मराठी अहिराणीच्या अंगाने जाणारी. भुसावळहून येणाऱ्या रेल्वेने जळगाव, धुळे, नंदुरबारची माणसं इथल्या लूमच्या खात्यांत आणि छपाईच्या मिलमध्ये आणून सोडली, ती इथलीच झाली. त्यांच्या सुट्टीचे बेतही ठरलेले. डुमसचा समुद्र, उनाईचे गरम पाण्याचे झरे, आणि खिशात चार पैसे जास्त असले तर बडोद्याची कमाटी बाग. अंतर सुमारे १३० किलोमीटर, गाडी दोन तासांच्या आत पोचवते. कागदोपत्री ती सयाजीबाग, पण तोंडात नाव कमाटी बागेचंच. पोरांना वाघ दाखवायचा, छोट्या आगगाडीत बसवायचं, हिरवळीवर डबे उघडायचे. ऊन चढलं की कुणीतरी म्हणतं, "चला, ते म्युझियमपण उरकून घेऊ."

म्युझियम बघायला म्हणून सुरतेहून निघालेलं कुटुंब माझ्या तरी पाहण्यात नाही. याबद्दल हळहळणारे पुष्कळ भेटतात. मला मात्र वाटतं, की त्या म्युझियमची खरी ताकद इथेच आहे. तिथे न ठरवता आलेला माणूस चित्रासमोर उभा राहतो.

बाग आणि संग्रहालय यांची जोडी एकोणिसाव्या शतकात सर्रास जमवली गेली. मुंबईत राणीच्या बागेत १८७२ साली उघडलेलं, आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखलं जाणारं संग्रहालय याच वळणाचं. रयतेला मोकळी हवा मिळावी आणि जाता जाता थोडं शहाणपणही मिळावं, असा तो साहेबी हिशोब. बडोद्यात विश्वामित्रीच्या काठी १८७९ मध्ये बाग झाली, १८८७ मध्ये संग्रहालयाची स्थापना झाली आणि १८९४ मध्ये इमारत उभी राहिली. मेजर मँट आणि चिझम यांच्या हातची ही वास्तू, लंडनच्या संग्रहालयांचा नमुना समोर ठेवून बांधलेली. इथवर बडोदं इतरांसारखंच. वेगळेपण आलं ते शेजारच्या चित्रशाळेमुळे. तिचं बांधकाम १९०८ मध्ये सुरू झालं, १९१४ मध्ये संपलं, आणि तेवढ्यात महायुद्ध पेटलं. युरोपात घेतलेली चित्रं युरोपातच अडकली. इमारत तयार आणि भिंती रिकाम्या, अशी कित्येक वर्षं काढून चित्रशाळा १९२१ मध्ये लोकांसाठी उघडली.

ही खरेदी बडोद्याच्या महाराज सयाजीरावांनी मॅरियन स्पिलमन या इंग्रज कलासमीक्षकाच्या सल्ल्याने केली. एका संस्थानिकाने युरोपियन चित्रं विकत घ्यावीत यात नवल नव्हतं. त्या काळी बहुतेक राजवाड्यांत ती असत. नवल आहे ते ती टांगण्यासाठी निवडलेल्या जागेचं. शिकारीची मुंडकी आणि झुंबरं यांच्यामध्ये न लावता ती बागेत लावली, जिथे शेंगदाणे खात फिरणारा माणूस सहज आत शिरेल.

हे त्यांना का सुचलं असावं? माझा अंदाज त्यांच्या लहानपणाकडे जातो. मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा गोपाळराव १८७५ मध्ये दत्तक म्हणून बडोद्याला आला तेव्हा बारा वर्षांचा होता आणि त्याला अक्षरओळखही नव्हती. म्हणजे लिंबायतच्या चाळीत आज जो पोरगा गावाकडून पहिल्यांदा येतो, त्याच मुलखाचा आणि जवळपास त्याच वयाचा. ज्याला सगळं जग एकदमच दाखवलं गेलं, त्याला दाखवण्यावर विश्वास बसला असेल तर आश्चर्य नाही. १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, गावोगावी ग्रंथालयं आणि बागेतली चित्रशाळा ही कामं एकाच माणसाच्या एकाच हट्टातून आलेली दिसतात. ज्याने मागितलेलं नाही त्याच्याही पुढ्यात नेऊन ठेवायचं, हा तो हट्ट.

आत गेल्यावर गर्दी कुठे होते, हे कुणालाही सांगता येईल. एक जागा व्हेलच्या सांगाड्याची. १९४४ मध्ये महीच्या मुखाशी वाहून आलेल्या निळ्या देवमाशाचं हे पिल्लू, पण लांबी बावीस मीटरच्या आसपास. पोरं शेपटीकडून डोक्याकडे धावत जातात आणि बरगड्या मोजता मोजता हिशोब चुकतात. दुसरी जागा इजिप्तच्या ममीची. तिच्यापुढे मोठी माणसंसुद्धा आवाज खाली आणतात. हे दोन मुक्काम झाले की बरेचजण बाहेरची वाट धरतात. उरलेले चित्रशाळेत येतात, आणि तिथे पाय भराभर चालू लागतात. टर्नर, कॉन्स्टेबल ही नावं ऐकलेली नसतात. उजेड बेताचा, वार्निश काळवंडलेलं. जुन्या इटालियन उस्तादांच्या नावाखाली टांगलेल्या चित्रांत खुद्द त्यांच्या हातचं किती आणि शिष्यांचं, नकलाकारांचं किती, हा घोळ निराळाच. १९४० च्या दशकात हर्मन गोएत्झ हे जर्मन कलाअभ्यासक इथे संचालक होते. पुढे ते दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाचे पहिले क्युरेटर झाले. त्यांच्यासारख्यांनी या भिंतींवर डोळ्यांत तेल घालून काम केलं. पण बागेतून आलेल्या माणसाला चित्र अस्सल की नक्कल याचं सोयरसुतक नसतं, आणि नसावंच.

एकदा अशाच एका जुन्या व्यक्तिचित्रापुढे मी एक गृहस्थ थांबलेले पाहिले. बायको-मुलं पुढे निघून गेली होती. चित्रातल्या सरदाराच्या चेहऱ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं; ते बाहीच्या मखमलीकडे आणि मनगटावरच्या जाळीदार झालरीकडे बघत होते. मी जवळ गेलो तर म्हणाले, "भाऊ, हे कापड कसं काढलंय बघा. पिळाला सावली कुठे पडते ते त्याला ठाऊक आहे." सुरतेत जॅकार्डच्या सांच्यावर वीस-बावीस वर्षं काढलेला माणूस. कलेच्या इतिहासाचा एकही धडा न शिकता त्याने चित्रकाराची परीक्षा घेतली, आणि ती बरोबर जागी घेतली. मखमल रंगवणं हे तैलरंगाचं मोठंच कसब. शिष्याच्या हातून ते निसटतं. मग हाक आली, "ओ, गाडी सुटेल!" आणि ते झपाझप चालू लागले.

चित्रशाळेवर एक आक्षेप मात्र मी सोडायला तयार नाही. ज्या राजाने रविवर्म्याला बडोद्यात आणलं, त्याने रविवर्म्याची उत्तम चित्रं स्वतःच्या घरात ठेवली. १८८८ मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी चौदा पौराणिक चित्रांची मागणी दिली गेली. ती पूर्ण झाल्यावर मुंबईत आणि बडोद्यात लोकांना पाहायला मिळाली, झुंबड उडाली, आणि मग ती राजवाड्यात गेली. म्हणजे लोकांच्या ओळखीचे नल-दमयंती वाड्यात आणि अनोळखी इंग्लंडचे ढग सार्वजनिक बागेत! जे आवडतं ते रयत शोधून काढेल, जे ठाऊक नाही ते तिला दाखवावं, असा काही विचार यामागे असेल तर तो गुरुजींना शोभणारा आहे. पण बागेतल्या भिंतीवर दमयंती टांगली असती तर तिच्या आधाराने कॉन्स्टेबलच्या झाडांपर्यंत पोचणं लोकांना सोपं गेलं असतं. रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि छापील लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोचवल्या. जे काम संग्रहालयाने केलं नाही, ते बाजाराने केलं.

त्या संग्रहालयात मला स्वतःला सर्वांत जास्त थांबवणारी वस्तू युरोपातली नाही. ती अकोट्याची. अकोटा आता बडोद्याचं उपनगर आहे. तिथे १९५१ च्या सुमारास जैन धातुमूर्तींचा ठेवा सापडला आणि उमाकांत शहांनी त्याचा अभ्यास करून तो जगापुढे मांडला. त्यातला जीवंतस्वामी हा दीक्षा घेण्यापूर्वीचा महावीर. डोक्यावर मुकुट, अंगावर दागिने, आणि उभं राहणं मात्र ध्यानाचं. राजपुत्र अजून राजवाड्यात आहे, पण त्याचं ठरलेलं आहे. या मूर्तीजवळची चवरीधारिणीही तितकीच देखणी. तिच्या अंगावरचं वस्त्र इतकं तलम दाखवलंय, की ते दिसतं केवळ काठाच्या रेघेमुळे. आमच्या जॅकार्डवाल्या गृहस्थांना ती दाखवायची राहून गेली.

नुसते बघे नव्हेत, घडवणारी माणसंही सुरतेने बडोद्याला पुष्कळ दिली. १८९० मध्ये बडोद्याचं कलाभवन उभं करणारे त्रिभुवनदास गज्जर सुरतेचे. चापेकरांनी डांबर फासलेला व्हिक्टोरिया राणीचा मुंबईतला पुतळा साफ करणारे रसायनशास्त्रज्ञ ते हेच. दादासाहेब फाळके शिकले ते याच कलाभवनात. महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५० मध्ये ललित कला विद्याशाखा सुरू झाली तेव्हा कुलगुरुपदी असलेल्या हंसा मेहतांचा जन्मही सुरतेचा. त्याच विद्याशाखेत नारायण श्रीधर बेंद्र्यांनी चित्रकलेची पिढी घडवली.

मग सुरतेत अशी चित्रशाळा का झाली नाही? पैसा नव्हता असं कोण म्हणेल? सतराव्या शतकात इथला वीरजी व्होरा इंग्रज कंपनीला कर्ज देत होता. पण व्यापाऱ्याच्या पैशाला लपायची सवय असते. १६६४ आणि १६७० मध्ये आपल्याच शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्या या शहरावर आल्या. आपल्या इतिहासात सुरत शिरते ती याच दाराने, आणि तिथेच थांबते. ज्या गावाला संपत्ती दिसू नये याची काळजी घ्यावी लागली, ते ती भिंतीवर टांगायला सहजी तयार होत नाही. इथलं संग्रहालय १८९० चं, विंचेस्टर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या पुढाकाराचं. आता ते सरदार पटेलांच्या नावाने सिटीलाइट भागातल्या सायन्स सेंटरमध्ये आहे. संग्रह चांगला आहे. तिथला जरीकामाचा आणि चिनी मातीच्या भांड्यांचा भाग मुद्दाम बघण्यासारखा. पण तिथे ठरवूनच जावं लागतं.

ठरवून जाण्याचा कळस म्हणजे अहमदाबादचं कॅलिको म्युझियम. १९४९ मध्ये साराभाईंनी सुरू केलेलं हे कापडाचं संग्रहालय जगात नावाजलेलं. तिथे आधी नाव नोंदवावं लागतं, मोजक्याच लोकांना आत घेतात. जुन्या कापडाला उजेड आणि दमटपणा सोसत नाही, हे मला मान्य. तरी ज्यांचे हात रोज कापडात असतात त्यांना ते कापड बघायला मिळत नाही, हेही तितकंच खरं.

इकडे सुरत महापालिकेने तापीकाठचा सोळाव्या शतकातला किल्ला दुरुस्त करून तिथे दालनं उभी केली आहेत, आणि ती नीटनेटकी आहेत. किल्ल्याजवळच गांधीबाग आहे. संध्याकाळी तिथे माणूस असतो. तिथे एक लहानशी खोली बांधावी, जुन्या सुरती कापडाचे आणि जरीचे काही नमुने काचेमागे ठेवावेत, खाली गुजरातीबरोबर मराठी आणि ओडियातही चार ओळी लिहाव्यात, कारण इथल्या लूमवर ओडिशाची माणसंही तितकीच आहेत. तिकीट ठेवू नये. रविवारी रात्री नऊपर्यंत उघडी ठेवावी, कारण दिवसपाळीचा माणूस संध्याकाळ झाल्याशिवाय घरून निघत नाही.