पहिला झिंगा

आदिलाबादेत कोणाला घरी समुद्र ठेवण्याची हौस वाटेल असे मला कधी वाटले नव्हते. येथून जवळात जवळचा किनारा चारशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. आमच्या पैनगंगेचे पाणी वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी असा लांबचा प्रवास करून समुद्राला मिळते खरे, पण समुद्र काही उलट आमच्याकडे येत नाही. माझ्या चौदा वर्षांच्या भाच्याने मात्र तो पिशवीतून आणला. मत्स्यालयासाठी खास मीठ विकत मिळते, ते आर.ओ.च्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या हिशोबाने विरघळवायचे. साधे मिठागराचे मीठ चालत नाही, कारण समुद्रात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि आणखी बरेच काही असते. काचपेटीच्या तळाशी वाळू पसरली, दगड रचले, पंप सुरू झाला. दुसऱ्या दिवशी पाणी आरशासारखे नितळ दिसू लागले आणि घरात प्रश्न निघाला, आता झिंगा कधी आणायचा?

(किनाऱ्यावरचे वाचक ज्याला कोळंबी म्हणतात त्याला आमच्याकडे झिंगा म्हणतात.)

भाच्याने शहरातल्या एका दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "एक सोडून पाहा. जगला तर पाणी चांगले. मेला तर आठ दिवसांनी दुसरा न्या." मी शेजारीच बसलो होतो. दुकानदार मनाने वाईट असेल असे नाही. आपण पेरणीपूर्वी मूठभर बी उगवून पाहतो, त्याच सहजतेने तो बोलला. पण त्या वाक्याने मला रात्रभर झोपू दिले नाही. शब्बाथ शाळेत मुलांना शिकविणाऱ्या वाचकांपुढे तोच प्रश्न ठेवावा म्हणून हा लेख.

नितळ पाणी म्हणजे राहण्याजोगे पाणी नव्हे. प्राण्याच्या विष्ठेतून आणि उरल्यासुरल्या अन्नातून अमोनिया तयार होतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. एका जातीचे सूक्ष्म जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषच. मग दुसऱ्या जातीचे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, जे पुष्कळ कमी घातक असते. हे जीवाणू वाळूवर आणि दगडांवर हळूहळू वस्ती करतात आणि त्यांची वस्ती पुरती वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. जीवाणूंनाही खायला अमोनिया हवा. त्यासाठी जुन्या जाणत्या लोकांची एक युक्ती आहे : बाजारातून एक मेलेला कच्चा झिंगा आणून पाण्यात कुजू द्यायचा. आम्ही तेच केले. म्हणजे आमच्या काचपेटीत शिरलेला पहिला झिंगा मेलेलाच होता, बर्फातून आलेला. घरभर थोडा वास सुटला, ताईने नाक मुरडले, पण चालवून घेतले.

भाचा रोज संध्याकाळी नळीत पाणी घेई, त्यात औषधाचे थेंब टाकी आणि रंग कागदावरच्या रंगाशी ताडून पाही. तीन आठवडे झाल्यावर त्याचा धीर सुटला. "मामा, आठवडी बाजारात आपण वाळलेले झिंगे मापाने घेतो. आई त्यांची चटणी करते, तू दोनदा वाढून घेतोस. मग या एका झिंग्यासाठी दीड महिना का थांबायचं?"

प्रश्न रास्त होता आणि मला लगेच उत्तर सुचले नाही. मी झिंगे खातो, पुढेही खाईन. मोशेच्या नियमशास्त्राने ते वर्ज्य केले होते, पण ती आड मी घेत नाही. खाण्यासाठी जीव घेणे योग्य की अयोग्य, हा मोठा आणि वेगळा वाद आहे, तो येथे मिटविण्याची माझी ऐपत नाही. पण दुकानदाराने सुचविले ते खाण्यासाठी नव्हते. त्या जिवाच्या मोबदल्यात आम्हांला काय मिळणार होते? पाणी कसे आहे याची माहिती? ती तर नळीतले चार थेंब देत होते. मिळणार होती ती फक्त आमची वाट पाहण्यातून सुटका. एका जिवाच्या किमतीत तीन आठवड्यांचा धीर वाचवायचा, एवढाच तो व्यवहार होता.

झिंग्याला काय कळते, असे कोणी म्हणेल. २००८ साली बेलफास्ट येथील रॉबर्ट एलवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. झिंग्याच्या मिशीला सौम्य आम्ल लावले की तो तीच मिशी पुनःपुन्हा साफ करी, काचेला घाशी. बधिर करणारे औषध लावले की ते घासणे कमी होई. पुढे इतर संशोधकांना वेगळ्या जातींत तसे आढळले नाही, वाद चालू आहे. तरी २०२२ साली ब्रिटनच्या पार्लमेंटने प्राण्यांच्या संवेदनेविषयी जो कायदा केला त्यात खेकडे, झिंगे यांनाही धरले. नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायात आपल्या पशूच्या जिवाची पर्वा करणाऱ्याला नीतिमान म्हटले आहे. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बैल आणि गाढवे असतील, झिंगा खासच नसेल. पण "आपल्या" हा शब्द मला अडवितो. समुद्रात पाणी बिघडले तर झिंगा दुसरीकडे जाऊ शकतो. काचपेटीत त्याला जायला जागा नाही. तेथले पाणी, मीठ, उजेड, ऊब सर्व आम्ही केलेले. तेथे तो मेला तर नशिबाला दोष देता येत नाही.

या छंदाच्या उगमाशी एक भाविक मनुष्य उभा आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. फिलिप गॉस हा इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ कट्टर बायबलनिष्ठ होता. घरात समुद्रजीव कसे पाळावेत यावर त्याने १८५४ साली पुस्तक लिहिले, कृत्रिम समुद्रजलाची कृतीही त्याने बसविली. निर्मात्याची करणी लोकांनी जवळून पाहावी हा त्याचा हेतू. पुस्तके खपली आणि हौशी लोक बरण्या घेऊन किनाऱ्यावर लोटले. त्याचा मुलगा एडमंड गॉस याने १९०७ सालच्या आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की डेव्हनच्या किनाऱ्यावरची खडकांतली सुंदर डबकी त्या लोकांनी ओरबाडून ओसाड केली, आणि बापाला त्याचे फार दुःख झाले.

हे मी भाच्याला सांगितले. त्याला हवा होता तो लाल पाठीवर पांढरा पट्टा असलेला झिंगा, जो माशांच्या अंगावरचे कीटक वेचून खातो. ही जात बहुतेक समुद्रातूनच धरून आणतात, कारण तिची पिल्ले बंदिस्त पाण्यात वाढविणे अवघड आहे. तो म्हणाला, "मग आणूच नये का?" मी गप्प राहिलो. आजही मला याचे समाधानकारक उत्तर सापडलेले नाही. काचपेटी तयार होती, मुलाने वाट पाहिली होती, आणि मी होय म्हणालो. हे होय पूर्ण निर्मळ नव्हते, एवढे कबूल करतो.

त्रेचाळिसाव्या दिवशी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले. त्यानंतर मी आणखी आठ दिवस मागून घेतले, वीज गेली तर चालेल असा बॅटरीवरचा हवेचा पंप आणण्यासाठी. आमचा उन्हाळा ४४-४५ अंशांचा, आणि या प्राण्याला साधारण २५ लागते. पाणी उडून जाते पण मीठ मागे राहते, म्हणून रोज गोडे पाणीच भरावे लागते. उन्हाळ्यात सुट्टीला आजीकडे गेल्यावर हे कोण करणार, ते ताईने भाच्याकडून कागदावर लिहून घेतले.

झिंगा हैदराबादेहून रात्रीच्या बसने थर्मोकोलच्या डब्यात आला. पिशवी फोडून त्याला लगेच पेटीत ओतायचे नसते, खारटपणातला एकदम फरक त्याला सोसत नाही. बारीक नळीला गाठ मारून पेटीतले पाणी थेंब थेंब त्याच्या भांड्यात सोडले. दोन तास लागले. भाचा उपासनेला उशिरा आला, आणि का ते पाळकसाहेबांनी विचारले नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे त्याचा फोन आला. आवाज फुटत नव्हता. "मामा, तो गेला." मी धावत गेलो. तळाशी झिंगा पडला होता, मिशा, पाय, सर्व जागच्या जागी, हालचाल नाही. भाच्याने जाळीने तो उचलला तर हाताला वजन लागेना. आत काहीच नव्हते. वाढताना झिंगा कात टाकतो, हे आम्ही वाचले होते आणि ऐन वेळी विसरलो होतो. दगडाच्या कपारीत वाकून पाहिले तेव्हा दोन पांढऱ्या मिशा हलताना दिसल्या. नवे कवच मऊ असते, म्हणून तो दिवसभर बाहेर आला नाही.

ती कात भाच्याने कापसात गुंडाळून काड्यापेटीत ठेवली आहे. पुढच्या रविवारी शब्बाथ शाळेत दाखवायला आणणार आहे.