घसारा

गाडीपाशी उकिडवे बसा. क्लेम नंबर मिळालाय, सर्वेअर उद्या येणार आहे, आज करण्यासारखं दुसरं काही नाही. पुढच्या बंपरच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवा. पांढऱ्या रंगावर वीतभर निळा ओरखडा आहे. बोट फिरवलं की आधी गुळगुळीत लागतं, मग प्लास्टिक फाटलंय तिथं टोचतं. हा निळा रंग तुमच्या गाडीचा नाही. तो उसाच्या ट्रॉलीचा आहे.

माझ्या बाबतीत हे आष्टीत घडलं, दिवाळीनंतरच्या आठवड्यात. त्या दिवसांत नगर-बीड रस्त्यावर ऊसतोडीच्या टोळ्या निघालेल्या असतात. एक ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांत अख्खा संसार: पेट्या, हंडे, ताडपत्र्या, कोंबड्या, आणि या सगळ्यावर बसलेली माणसं. वळणावर पहिली ट्रॉली नीट निघून जाते, दुसरी कोपरा कापते. तिनं माझ्या उभ्या गाडीचा कोपरा कापला. आवाज एवढासाच झाला, रिकाम्या डब्यावर कुणी पाय द्यावा तसा.

आता तो राग आठवा. आणूच नये असं म्हणत नाही. आलेला कुठं बसला होता तेवढं बघा. माझा कानशिलात होता. ड्रायव्हर खाली उतरला, जेमतेम विशीतला. "दादा, मागची ट्राली आरशात दिसतच न्हाय." टोळीच्या मुकादमानं मोटारसायकल आडवी लावली आणि पाचशेच्या दोन नोटा पुढं केल्या. मी घेतल्या नाहीत. "विमा आहे माझा," म्हणालो, आणि ते म्हणताना आवाजात जी ऐट आली ती अजून ऐकू येते. वर ट्रॉलीत एक बाई मुलाच्या डोक्यावर पदर धरून खाली बघत होती. टोळी पुढं गेली.

तसा दोष ट्रॅक्टरचा होता. मोटार वाहन कायदा 1988 प्रमाणं दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा प्रत्येक गाडीला सक्तीचा आहे. पण तिकडून भरपाई घ्यायची तर पोलीस, मग अपघात दाव्यांचं न्यायाधिकरण. बंपरसाठी तिथवर कोण जातो? माणूस आपल्याच विम्याकडं वळतो. तेव्हा फोटो काढा, कंपनीला फोन करा आणि सर्वेअरनं बघेपर्यंत दुरुस्तीला हात लावू नका. खालून पाणी किंवा ऑइल गळत असेल तर किल्लीही फिरवू नका. गळती गाडी चालवून इंजिन गेलं, तर ते नुकसान ठोकरीत धरत नाहीत.

माझी गाडी नगरच्या वर्कशॉपला न्यावी लागली. सर्वेअरनं बंपर पाहिला, फेंडर अंगठ्यानं दाबून पाहिला, मग मागच्या दारापाशी थांबला. "हा जुना." दारावर खरंच एक पोचा होता, कडांना तांबेरा धरलेला. मला तो माहीतच नव्हता. एका ठोकरीला एक क्लेम, त्यामुळं दार यादीतून गेलं. तुम्हीही एकदा आपल्या गाडीभोवती असे फिरा, परक्याच्या डोळ्यांनी. किती घासलंय, आणि कधी, हे आपल्याला ठाऊक नसतं.

मग एस्टिमेट हातात आलं. त्यातल्या एका शब्दापाशी जरा थांबू या. घसारा. नवा भाग बसवायचा तर जुना किती झिजला होता ते आधी वजा करतात. रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांचा घसारा सरसकट पन्नास टक्के. बंपर महिन्याभरापूर्वी बसवलेला असला तरी निम्माच. पत्र्याचा वयाप्रमाणं: पहिले सहा महिने काही नाही, चौथ्या वर्षात पंचवीस टक्के, दहा वर्षांनंतर पन्नास. आणि काचेचा शून्य. मी तो तक्ता दोनदा वाचला. ज्याला आपण टिकाऊ म्हणतो ते सगळं रोज थोडंथोडं कमी होतंय असं धरलंय, आणि जी एका खड्यानं जाते ती काच मात्र फुटेपर्यंत पूर्ण. मला तो विम्याचा तक्ता वाटलाच नाही. (झिरो डेपची पॉलिसी घेतली की ही वजाबाकी टळते. हप्ता थोडा जास्त. मी घेतली नव्हती.)

समजा गाडी चौथ्या वर्षात आहे. बंपर 6,000, निम्मे गेले. फेंडर 4,000, त्यातले हजार गेले. रंगाचे 8,000, त्यात चौथा हिस्सा मालाचा धरतात आणि त्या मालाचा निम्मा कापतात, म्हणजे आणखी हजार. दीड हजार सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागं हजार रुपये आपले, सक्तीचे. अठरातले बारा हजार मिळाले. वाईट नाही.

पण आता सावकाश पुढं चला. तीन वर्षं क्लेम नव्हता म्हणून स्वतःच्या गाडीच्या विम्यावर पस्तीस टक्के सूट होती. यंदा गप्प बसलो असतो तर पंचेचाळीस, नंतर कायमची पन्नास. क्लेम केला की शून्य, मग पुन्हा वीस, पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, पन्नास. तो हप्ता सूट वजा करण्याआधी 9,000 धरा आणि फरक मांडा: 4,050, मग 2,700, मग 2,250, मग 1,350, शेवटी 450. बेरीज 10,800. गाडी जुनी होते तसा हप्ता उतरतो, म्हणून प्रत्यक्षात जरा कमी. पण पत्र्यातला डेंट आठ दिवसांत निघाला आणि कागदातला निघायला पाच वर्षं. हे गणित मी फॉर्मवर सही केल्यानंतर मांडलं. तुम्ही आधी मांडा.

ते आठ दिवस मी रेल्वेनं ये-जा केली. नगर-बीड-परळी मार्गाला मंजुरी 1995 ची, आष्टीपर्यंत गाडी आली 23 सप्टेंबर 2022 ला. त्या गाडीत बसून वर्कशॉपला 'कधी मिळेल हो?' असा फोन करायची मला लाज वाटली. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. ज्वारीची रानं, मध्येच बंद घरं. दाराला कुलूप, ओट्यावर आजी आणि शाळेसाठी मागं ठेवलेला नातू.

इथं जरा बसा. आपण हप्ता आधी भरतो, ठोकर पुढं कधीतरी. टोळीतली माणसं मजुरीची उचल आधी घेतात आणि त्यातली बरीच लग्नात, दवाखान्यात, जुन्या देण्यात गेलेली असते. ठोकर पाच महिने रोज थोडीथोडी खायची. उचल एकेका माणसाची नसते. नवराबायको मिळून एक कोयता. मोळी बांधणारी आणि डोक्यावरून ट्रकपर्यंत नेणारी ती, पण हिशोबात अर्धा कोयता. तिच्या मानेचा घसारा कुठल्या तक्त्यात बघायचा, हे मला त्या डब्यात सुचलं आणि स्टेशन येईपर्यंत गेलं नाही. मुकादमाचे ते हजार रुपये कुणाच्या उचलीत मांडले गेले असते, हेही तेव्हाच सुचलं. रस्त्यावर सुचलं नव्हतं.

गाडी मिळाली त्या दिवशी काउंटरवर एक छापील कागद पुढं आला: काम समाधानकारक झालं, माझी काही तक्रार नाही. माझ्या वाट्याचे पैसे भरले, सही केली. रंग जुळला होता. उन्हात तिरकं पाहिलं तर फेंडर दारापेक्षा किंचित जास्त पांढरा.

जुना बंपर भिंतीला टेकवून ठेवला होता, इतर आठ-दहा बंपरांच्या मागं. नेणार का, असं पोरानं विचारलं. तो क्लेममध्ये गेलाय, आता माझा नाही, असं मी म्हणालो. तरी वाकून ओरखड्यावरून बोट फिरवलं. बोटाला थोडा निळा भुगा लागला.