पॅड नंबर पाच

माझ्या सॅम्पलर यंत्राला नऊ पॅड आहेत, तीन-तीनच्या तीन रांगा. ऑर्केस्ट्रावाले त्याला सरसकट ऑक्टोपॅडच म्हणतात. ऑक्टो म्हणजे आठ, पण एवढा हिशेब कोण करतो. मधोमध जो पाचवा पॅड आहे, त्याच्यावर काठी पडली की खंजिरी वाजते. आधी चामड्याचा टणक ठोका, मागून झांजांची सळसळ, आणि ती विरायच्या आत, कान देऊन ऐकलं तर, लांबवर एक कोंबडा. रेकॉर्डिंगच्या वेळी तो आरवला होता. मी दोन रात्री कॉम्प्युटरवर बसून तो पुसायचा प्रयत्न केला, पुसला गेला नाही. माणूस मात्र सहज पुसला गेला.

त्या माणसाचं नाव मी इथे लिहीत नाही. दहा वर्षं कुठल्याही पोस्टरवर लिहिलं नाही, आता अचानक लिहायचं तर त्यांना विचारायला हवं. विचारलं. ते म्हणाले, "कायले?" मी त्यांना काकाजी म्हणतो, तेच चालू ठेवतो.

एक गोष्ट आधी बाजूला काढून ठेवतो, कारण माझ्या मनातली टोचणी भलत्याच जागेची समजली जाईल. जुन्या वाद्यात नवं यंत्र मिसळलं याची मला जरासुद्धा खंत नाही. मी नागपूरच्या महाल भागात वाढलो. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघायची तेव्हा गल्लीत जो कल्लोळ व्हायचा, तीच माझी पहिली शाळा. ताजबागच्या उरुसातला संदल, लग्नातली धुमाल, छोट्या ट्रकवर ढोल-ताशाशेजारी बांधलेला कीबोर्ड, सगळ्यात वर भोंगे. यातलं शुद्ध काय आणि भेसळ काय, हा प्रश्न नागपुरात कुणी कधी विचारला नाही. मुंबईच्या मिरवणुकीत ज्याला बँजो म्हणतात तो तरी कुठला? 1912 साली नागोयात गोरो मोरिता नावाच्या माणसाने टाइपरायटरसारख्या कळा असलेलं तंतुवाद्य बनवलं, ते ताइशोगोतो. आपल्याकडे ते बुलबुलतरंग झालं आणि पुढे गणपतीसमोर नाचायला लागलं. आणि उलट दिशेने बघा: यावलीत जन्मलेले तुकडोजी महाराज 1955 साली विश्वधर्म परिषदेसाठी जपानला गेले. ज्यांची ओळखच खंजिरी होती, 1942 साली ज्यांच्या भजनांना घाबरून इंग्रजांनी तुरुंगात टाकलं, ते. वाद्यं अशी ये-जा करतच असतात. त्यांना पासपोर्ट लागत नाही.

माझा गुन्हा मिसळण्याचा नाही.

2014 साली आम्ही पाच जणांनी फ्यूजन बँड काढला. गिटार, बास, कीबोर्ड, बासरी आणि मी. त्या काळात दर दुसऱ्या पोस्टरवर 'वर्ल्ड म्युझिक' असायचं, आम्हीही छापलं. (हा शब्द मुळात दुकानदारांचा. 1987 च्या जूनमध्ये लंडनच्या एका पबमध्ये छोट्या रेकॉर्ड कंपन्यांची मंडळी जमली. कुठल्याच कप्प्यात न बसणाऱ्या रेकॉर्डींसाठी दुकानातल्या मांडणीवर कोणती पाटी लावायची, याचा तो निर्णय. आम्हाला तो तत्त्वज्ञानाचा वाटायचा.) विदर्भातला बँड आहे तर विदर्भाचा आवाज हवा, असं ठरलं. माझ्या मावशीच्या गावी, मौदा तालुक्यात, तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना रोज होते. तिथे काकाजी खंजिरी वाजवायचे. तेव्हा साठीच्या आसपास असतील. धानाची शेती, अंगात पांढरा सदरा-पायजमा, डोक्यावर भगवी टोपी, आणि उजव्या हाताची बोटं अशी की चामड्यावर पडली की ढोलकीला लाज वाटावी.

पहाटेचं ध्यान संपलं आणि मी रेकॉर्डर काढला. म्हटलं, "काकाजी, जरा वाजवून दाखवा, नुसतं ऐकायला." हे शब्द मला तंतोतंत आठवतात, कारण तेव्हाच मला ठाऊक होतं की नुसतं ऐकायला नाही. शेकोटीवर खंजिरी तापवून त्यांनी वीसेक ठोके दिले. मोकळे, दाबलेले, अंगठ्याने घासलेले. मग चहा आला.

पहिली दोन वर्षं ते स्वतःही आमच्याबरोबर वाजवायला यायचे. एसटीने भंडारा रोडवरून, मांडीवर कापडी पिशवी. सिव्हिल लाइन्समधले हॉल, वर्धा रोडवरच्या हॉटेलांतले लग्नाचे संगीत, दिवाळी पहाट. मी त्यांना एका कार्यक्रमाचे 1,500 रुपये द्यायचो. आम्ही पाच जण किती घ्यायचो ते त्यांनी कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. आज सांगतो: चांगल्या लग्नाचे माणशी 15,000. हा आकडा लिहिताना हात थांबला, म्हणजे तो बरोबर असावा.

पैशांपेक्षा मला छळतो तो सरावाचा प्रसंग. आम्ही क्लिकवर वाजवायचो. कानात टिक टिक टिक, मिनिटाला 96, पहिल्या मात्रेपासून शेवटच्या मात्रेपर्यंत तेवढीच. भजन तसं चालत नाही. ते ठाय सुरू होतं, टाळ्या धरणारे रंगात आले की लय चढते, आणि खंजिरीवाला ती चढवत नेतो. तेच त्याचं काम. काकाजींनी इअरफोन घातला, आठ मात्रा वाजवल्या आणि पुढे निघून गेले. मी चार पोरांसमोर म्हणालो, "काकाजी, लय सुटतेय तुमची." त्यांनी इअरफोन काढून हातात घेतला, त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, "हे मशीन कधी थकत नाही काय गा?" आम्ही हसलो. किती छान बोलतात काकाजी! पुढे स्टेजवरसुद्धा मी हा किस्सा सांगायचो, लोकही हसायचे. चाळीस वर्षं लय सांभाळलेल्या माणसाची लय सुटते, हे म्हणण्याचा अधिकार मला 96 या आकड्याने दिला होता. ज्याला मी संगम म्हणत होतो, त्यात फक्त एकाच बाजूने दुसरीकडे सरकायचं होतं.

तसंच चामड्याचं. खंजिरी ओलाव्याने उतरते, ती वाजवण्याआधी शेकावी लागते. एसीच्या हॉलमध्ये शेकणार कशावर? ते ड्रेसिंग रूममध्ये हॅलोजनच्या दिव्यासमोर धरून बसायचे. साउंडवाला मला हाक मारायचा, मी त्यांना घाई करायचो. एकदा म्हटलं, भगवी टोपी काढून फेटा बांधा, फोटो चांगला येतो. "टोपी प्रार्थनेची हाय," एवढंच म्हणाले. फेटा मीच बांधला, स्वतःच्या डोक्याला.

तिसऱ्या वर्षी मी त्यांना बोलावणं बंद केलं. बँडला कारण दिलं: एसटीचा भरवसा नाही, आणि आवाज तर पॅडवर आहेच. दोन्ही खरं. खरं कारण वेगळं होतं आणि ते मी आजवर घरीसुद्धा बोललो नाही. एका दिवाळी पहाटेला काकाजींनी क्लिक सोडून दिलं. बासरीवाला त्यांच्यामागे गेला, मग गिटार गेली, मी यंत्राची बटणं दाबत मागे राहिलो, आणि लोक उभे राहिले. टाळ्या त्यांना होत्या. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो त्यांचा होता. त्यानंतर त्यांना फोन गेला नाही. पॅड नंबर पाचला कुणी उभं राहून टाळ्या देत नाही. तो माझ्या काठीखाली असतो.

15 डिसेंबर 2024 ला उस्ताद झाकीर हुसेन गेले. रात्रभर सगळ्यांचे स्टेटस पडत होते, मीही लांबलचक लिहिलं. त्यांच्या 'शक्ती' या बँडबद्दल: जॉन मॅक्लॉफलिन, एल. शंकर, विक्कू विनायकराम, झाकीरभाई. 1976 चा पहिला अल्बम. आणि जवळजवळ पन्नास वर्षांनी 'धिस मोमेंट'ला मिळालेलं ग्रॅमी. शेवटी 'वादकांनी एकमेकांचा केलेला आदर' असलं काहीतरी वाक्य होतं. खाली शंभरेक हात जोडलेले. त्यात एका वयस्कर गायिकेचा साधा प्रश्न होता: "तुमच्याकडचे ते खंजिरीवाले हल्ली कुठे असतात हो?"

मी उत्तर दिलं नाही. पण मॅक्लॉफलिन डोक्यातून जाईना. हा माणूस आधी अमेरिकेत रामनाथन गुरुजींकडे वीणा शिकायला बसला. नंतर 'शक्ती'साठी त्याने आपली गिटारच बदलून घेतली: मींड घेता यावी म्हणून पडद्यांमधलं लाकूड कोरून खोलगट केलं, आणि तरफेच्या तारांसारख्या जादा तारा आडव्या लावल्या. त्याने आपलं हत्यार हलवलं. मी 96 चा 97 केला नव्हता.

आणि मग दिफांग दुआना. तैवानमधल्या आमिस जमातीचा शेतकरी, पत्नी इगायसोबत पारंपरिक गाणी म्हणायचा. त्यांचं रेकॉर्डिंग युरोपात गेलं, आणि 1993-94 च्या सुमारास 'एनिग्मा' या संगीत-प्रकल्पाच्या एका गाण्यात त्यांचे आवाज जसेच्या तसे बसवले गेले. गाणं जगभर वाजलं. 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या जाहिरातीत वाजलं. ज्याचा आवाज, त्याचं नाव कुठेच नव्हतं. 1998 मध्ये खटला गुदरला, पुढच्या वर्षी तडजोड झाली, तेव्हा कुठे नाव लागलं. ही गोष्ट मला बरीच वर्षं माहीत होती. एका कार्यशाळेत कॉलेजच्या मुलांना मी ती तावातावाने सांगितली होती, 'बघा, पाश्चात्त्य लोक कसे लुटतात' या चालीवर. त्या दिवशी सॅम्पलर शेजारच्या टेबलावरच होता.

माझ्याकडे उत्तरं तयार असतात. खंजिरी काही काकाजींनी शोधलेली नाही. भजन सगळ्यांचं. परंपरेला मालक नसतो. हे मी वकिलासारखं बोलू शकतो, आणि बोललोही आहे. पण परंपरेला अंगठा नसतो. घासलेल्या ठोक्यात जो अंगठा आहे तो एका माणसाचा आहे, त्याला नांगराचा घट्टा आहे, आणि तो घट्टा ऐकू येतो. आपल्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली. वादकाला आपलं नाव लावून घेण्याचा हक्क त्यात स्पष्ट आला. मी रेकॉर्ड केलं ते 2014 साली. कायदा मला ठाऊक होता, कारण एका कार्यक्रमाच्या पत्रिकेत माझं नाव राहिलं तेव्हा हाच कायदा मी आयोजकांच्या तोंडावर फेकला होता.

जानेवारीत मी जुन्या डायऱ्या काढल्या. ज्या कार्यक्रमांत पाचवा पॅड वाजला, पण काकाजी नव्हते, ते मोजले. 212. त्यांच्याच जुन्या दराने गुणले, म्हणजे मीच ठरवलेल्या कंजूष दराने. तीन लाख अठरा हजार. आकडा कागदावर लिहून मी दोन दिवस फिरलो. मग पाकिटात पंचवीस हजार घातले.

तेही लिहितो: पंचवीस. बाकीच्यासाठी मनात कारणं रांगेत उभी होती, मुलीची फी, गाडीचा हप्ता. खरी असतील. पण पाकीट बंद करताना मला हलकं वाटलं, आणि कर्जाचा बारावा हिस्सासुद्धा न देता हलकं वाटतं, याची नोंद मनाच्या कोपऱ्यात झाली.

काकाजी ओसरीवर धान निवडत बसले होते. "जय गुरू," म्हणाले, जणू गेल्याच आठवड्यात भेटलो होतो. मी यंत्र गाडीतून आणलं, छोट्या स्पीकरला जोडलं, काठी त्यांच्या हातात दिली आणि पाचवा पॅड दाखवला. त्यांनी एकदा मारलं. पुन्हा मारलं. मग कान स्पीकरला लावून तिसऱ्यांदा.

"हा तं शेजारच्या रामजीचा कोंबडा," ते म्हणाले. "मेला तो. कवाचाच." थोड्या वेळाने, "खंजिरीबी गेली थे. फाटली दोन पावसाळ्यामागं. आता प्लास्टिकची हाय, चीनची. आवाज नाही तिले असा." पुन्हा एकदा पॅडवर मारलं. "तुझ्याकडं राहिला पाय."

मी जे पाठ करून आलो होतो ते बोललो. विचारल्याशिवाय घेतलं, दहा वर्षं वाजवलं, पैसे कमावले, तुमचं नाव कुठे लावलं नाही. 212 हा आकडासुद्धा सांगितला. तीन लाख अठरा हजार सांगितले नाहीत. ते ऐकत होते, मधूनमधून सुपातला खडा काढत होते. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटलं, आणि लगेच कळलं की त्यांनी माझ्या सोयीसाठी रागवावं, हीही मागणीच.

पाकीट पुढे केलं तेव्हा त्यांनी नोटा मोजल्या. नीट, अंगठा जिभेला लावून. मग आत गेले आणि मंडळाचं पावतीपुस्तक घेऊन आले. प्रार्थनामंदिराचं छत गळतं, टिना घालायच्या होत्या. मी म्हटलं, "काकाजी, हे तुमचे आहेत. देणगी नाही, देणं आहे." ते म्हणाले, "माझे हायत म्हून तं देऊन रायलो," आणि कार्बन पेपर सारखा करून लिहायला लागले. अक्षर मोठं, वळणदार. माझं आडनाव त्यांना आठवत होतं.

निघताना मी विचारलं, हा आवाज वाजवू की काढून टाकू? तुम्ही म्हणाल ते. त्यांनी जरा वेळ विचार केला. "कुठंसा टाकशीन? टाकून कोठी जाते आवाज?" आणि मग, "पण थे टिक टिक सोडून वाजव एखांद्या बारी."

पावती सॅम्पलरच्या केसमध्ये आहे, झिपच्या कप्प्यात. पंचवीस हजार रुपये फक्त. छापील 'देणगीदार' या शब्दापुढे त्यांच्या अक्षरात माझं नाव आहे. ते खोडा, असं मी म्हणालो नाही.