किती दिवसांची सोबतीण

एखाद्याचं काही खरं नाही असं वाटलं की आपल्याकडं लोक म्हणतात, 'आता काय, किती दिवसांचा सोबती!' म्हणताना आवाज हळवा असतो. पण नुसती हळहळ असते का ती? त्यात हिशोबही असतो. ज्याचे दिवस असे मोजले गेले, त्याला मग घर, शेत, पोराबाळांची लग्नं, कशातच धरायचं कारण उरत नाही.

एचआयव्हीच्या बाबतीत हा हिशोब आमच्या सीमाभागात फार लोकांचा झाला. पुणे-बेंगळूर हमरस्ता निपाणीवरून जातो, तंबाखूचे ट्रक आणि त्यावरची माणसं महिनोन्‌महिने बाहेर. आपल्या देशात हा विषाणू पहिल्यांदा चेन्नईत १९८६ साली सापडला. पुढच्या दहा वर्षांत तो आमच्या गल्लीपर्यंत आला. तीन औषधं एकत्र दिली की तो दबतो, हे १९९६ च्या सुमाराला जगाला कळलं होतं. पण वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या पुढं. निपाणीच्या माणसाला ते कळलं काय आणि न कळलं काय!

माझ्या माहेरच्या गल्लीतल्या एका अक्काचा नवरा १९९८ मध्ये गेला. गाडीवर होता. मग तिची तपासणी झाली आणि तिलाही निघालं. मुलगा तेवढा सुटला. अक्का तेव्हा तिशीची. घरात सगळ्यांनी धरून चालले की वर्ष, फार तर दोन वर्षं. दिरांनी समजूत घातली, 'वैनी, पोराचं आम्ही बघतो, तुम्ही कशाला कागदपत्रांच्या भानगडीत राहता?' तिनं हक्कसोडपत्रावर सही केली. कुणी धाक घातला नाही, कुणी हात धरून अंगठा उठवला नाही. तिला स्वतःलाही तसंच वाटत होतं, आता घेऊन काय करायचं?

अक्का आज सत्तावन्न वर्षांची आहे.

मधल्या काळात काय झालं ते सांगायला हवं, कारण शेजारीपाजारी अजून याला 'चमत्कार' म्हणतात. चमत्कार बिमत्कार काही नाही. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीनं तीच तीन औषधं वर्षाला साडेतीनशे डॉलरला, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमीत, द्यायची तयारी दाखवली आणि साऱ्या जगातले भाव कोसळले. १ एप्रिल २००४ पासून आपल्या सरकारनं ही औषधं मोफत द्यायला सुरुवात केली. पहिल्या राज्यांत महाराष्ट्रही होता, कर्नाटकही. पुढं अक्का बेळगावच्या सरकारी दवाखान्यात जाऊ लागली. २०१७ पासून तर नियमच झाला, की लागण कळली की लगेच औषध सुरू, तब्येत खालावायची वाट बघायची नाही. आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी. ती न चुकता घेतली तर रक्तात विषाणू सापडेनासा होतो, आणि तसा राहिला तर शरीरसंबंधातून दुसऱ्याला लागणही होत नाही. युरोप-अमेरिकेतल्या रुग्णांचा मोठा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. विशीत औषध सुरू केलेला आणि पहिल्या वर्षात चांगला सुधारलेला माणूस साधारण ७८ वर्षांपर्यंत जगेल, असं गणित त्यात निघालं. म्हणजे जवळजवळ इतरांइतकंच. आपल्याकडं क्षयरोग आडवा येतो, औषध उशिरा सुरू होतं, म्हणून तो आकडा जसाच्या तसा इथं लावता येणार नाही. पण 'दोन वर्षं' हा आकडा कधीच मोडीत निघाला.

त्याच सुमाराच्या अभ्यासांत आणखी एक गोष्ट आहे, निपाणीकरांनी ऐकावी अशी. नीट औषध घेणारा एचआयव्हीचा रुग्ण धूम्रपान करत असेल, तर त्याचं आयुष्य एचआयव्हीपेक्षा धुरानं जास्त कमी होतं. आमच्याकडं रोज बंडलभर विडी ओढणाऱ्याला कुणी हक्कसोडपत्र पुढं करत नाही.

बस्तीत यावर बोलणं निघालं की एक वाक्य ठरलेलं, 'आयुकर्म बळकट होतं तिचं.' असेलही. पण तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी कुणाचं आयुष्य मध्येच तुटू शकत नाही ते सांगितलंय : देव, नारकी, चरमशरीरी आणि असंख्यात वर्षांचं आयुष्य असलेले जीव. तुम्ही-आम्ही त्यात बसत नाही. विष, शस्त्र, रोग यांनी आमचं बांधलेलं आयुष्य अकाली तुटू शकतं. मग मला वाटतं, गोळीनं अक्काचं आयुष्य वाढवलं नाही, तुटत होतं ते राखलं. आणि बांधलेलं किती होतं, ते केवलीशिवाय कोण जाणतो? दीर तर नक्कीच जाणत नव्हते.

कुणी म्हणेल, आपल्या धर्मात मरणाची तयारी सांगितलीच आहे. सांगितली आहे. रोग निष्प्रतीकार झाला तर समंतभद्रांनी सल्लेखनेला वाट दिली. निपाणीजवळच्या भोजचे आचार्य शांतिसागर यांनी १९५५ मध्ये कुंथलगिरीला सल्लेखना घेतली, दृष्टी मंदावली, जीवरक्षा सांभाळून चालणं होईना म्हणून. पण ती त्यांनी स्वतःची ठरवली. दुसऱ्याचे दिवस मोजून त्याच्या वतीनं कुणी सल्लेखना घेत नाही. आणि 'निष्प्रतीकार' हा शब्दही काळाला बांधलेला आहे. १९९८ मध्ये अक्काचा रोग तसा होता, २००४ नंतर नव्हता.

दिरांचं म्हणणं एकच, 'आम्ही फसवलं नाही.' मला ते पटतं. अदत्त काही घेतलं नाही, तिनं हातानं दिलं. पण अचौर्याच्या अतिचारांत खोट्या मापाचाही अतिचार आहे. समजा तंबाखूच्या वखारीत काटा बिघडलेला निघाला. मुद्दाम कुणी बिघडवला नव्हता. तरी कळल्यावर नीतीचा व्यापारी जुनं बिल दुरुस्त करतोच ना? इथं एका बाईचं आयुष्य दोन वर्षं असं तोललं गेलं, आणि त्या वजनावर तिनं घर सोडलं. काटा खोटा होता हे आता सगळ्या गावाला दिसतंय. मग बिल तसंच कसं राहील? कायद्यानं सही ती सही असेल. मी कायद्याचं बोलत नाही.

अक्का भाड्याच्या एका खोलीत राहते. गेल्या पर्वात क्षमावाणीच्या दिवशी थोरले दीर रीतीप्रमाणं तिच्या दारात हात जोडून आले. तिनंही हात जोडले, 'उत्तम क्षमा' म्हणाली. चहा दिला. मग विचारलं, 'भावजी, मागली खोली रिकामीच हाय न्हवं?'

'बघू' म्हणाले.