कृपा आणि ऋण

मनुष्य तरतो तो आपल्या कर्मांनी की आपल्या श्रद्धेने, हा प्रश्न ख्रिस्ती धर्मशास्त्राचा म्हणून आपल्याकडे बहुधा बाजूस ठेवला जातो. सोळाव्या शतकात ल्यूथरने पोपाशी वाद मांडला, त्यापायी युरोप दुभंगला, त्याच्याशी आम्हां मराठी माणसांस काय कर्तव्य, असा एकंदर भाव असतो. आमच्या मते हा प्रश्न इतका परका नाही. ज्या घरात एकादशी, चातुर्मासाचे नेम आणि सत्यनारायण चालतात, किंवा जेथे यांपैकी काहीच चालत नाही पण संस्थेस दिलेल्या देणगीची पावती जपून ठेवली जाते, त्या घरात पुण्याची वही आहेच. मग ती चित्रगुप्ताकडे असो वा प्राप्तिकर खात्याकडे. ल्यूथरचा कटाक्ष होता तो या वहीवर.

शिवाय या प्रश्नाची दोन उदाहरणे आमच्या पुणे जिल्ह्यातच आहेत. एक पूर्वेस, केडगावी. दुसरे पश्चिमेस, मुळशीस. पहिले सर्वांस ठाऊक आहे. दुसऱ्याचा विचार या संदर्भात सहसा कोणी करीत नाही. परंतु त्यावाचून पहिल्याचा अर्थ अपुरा राहतो, असे आम्हांस वाटते.

प्रथम सिद्धान्त काय तो नीट पाहू. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात असे प्रतिपादन आहे की, मनुष्य देवापुढे नीतिमान ठरतो तो नियमशास्त्रातील कर्मे केल्याने नव्हे, तर विश्वासाने. ल्यूथरने १५२२ साली नव्या कराराचे जर्मन भाषांतर प्रसिद्ध केले, तेव्हा या ठिकाणी 'केवळ' हा शब्द त्याने आपल्या पदरचा घातला, आणि त्या एका शब्दावर पुढे ग्रंथांच्या राशी पडल्या. याच नव्या करारात याकोबाचेही पत्र आहे व त्यात कर्मावाचून विश्वास निर्जीव होय असे बजावलेले आहे. ते पत्र ल्यूथरच्या फारसे मनास येत नसे. परंतु सत्कर्मे व्यर्थ आहेत असे ल्यूथर म्हणाला, हा समज मात्र चुकीचा. त्याचे म्हणणे इतकेच की सत्कर्म ही तारणाची किंमत नव्हे. झाड चांगले असले म्हणजे फळ चांगले येते. चांगली फळे बांधून झाड चांगले करता येत नाही. पुढे १९९९ साली, ३१ ऑक्टोबर रोजी, ऑग्सबर्ग येथे ल्यूथरपंथी व रोमन कॅथॉलिक यांनी या विषयावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, आणि जुना वैरभाव बऱ्याच अंशी निवळला. ज्या वादापायी रक्त सांडले तो चारशेऐंशी वर्षांनी एका कागदावर मिटावा, याचे कौतुक करावे की खेद, हे आम्हांस ठरविता येत नाही.

आता केडगावकडे वळू. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे थोर विद्वान व अत्यंत आचारनिष्ठ गृहस्थ. पत्नीस व मुलीस त्यांनी संस्कृत शिकविले, आणि कुटुंबासह वर्षानुवर्षे तीर्थाटन केले. पुराणे सांगावी, तीर्थात स्नाने करावी, मिळेल त्यातून ब्राह्मणांस दान द्यावे, असा त्यांचा क्रम होता. दुष्काळ आला तेव्हा जवळ होते नव्हते ते दानधर्मात व अनुष्ठानात गेले, आणि थोड्या महिन्यांच्या अंतराने वडील, आई व थोरली बहीण अन्नावाचून गेली. रमाबाईंनी ही हकीकत पुढे १९०७ साली आपल्या आत्मनिवेदनात लिहिली आहे. ज्यांनी आयुष्यभर वही भरली त्यांच्या वाट्यास अखेर काय आले, हा प्रश्न त्या मुलीच्या मनात कायमचा रुतला असल्यास नवल नाही.

रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. बाई कोणाच्या शब्दावर मान डोलावणाऱ्या नव्हत्या. त्रैक्याच्या सिद्धान्तावरून आपल्या धर्ममातेशी, म्हणजे सिस्टर जेराल्डाइन यांच्याशी, त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो वाचला म्हणजे हे सहज दिसते. परंतु आमच्या विषयास महत्त्वाचा आहे तो बाप्तिस्मा नव्हे. त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, ख्रिस्ती धर्म त्यांस मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो त्यानंतर आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास मिळाला. मधल्या काळात त्यांनी अमेरिकेत व्याख्याने दिली, हिंदू स्त्रीच्या स्थितीवर जगप्रसिद्ध ग्रंथ लिहिला, ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन काढले. कर्मांची काही उणीव नव्हती. तरी मनास शांती नव्हती. त्या सुमारास हॅस्लम नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त त्यांच्या हाती पडले. आपण इतरांस तारणाचा उपदेश करतो, पण ते आपणांसच लाभलेले नाही, हे या गृहस्थास प्रवचन करता करताच उमगले होते. हे वाचून रमाबाईंस आपले वर्म सापडले: आपण पुण्याची जुनी वहीच नव्या देवापुढे ठेवली आहे. ती मिटून टाकावी, आणि कृपा ही दानासारखी घ्यावी, वेतनासारखी नव्हे, असा त्यांचा निश्चय झाला.

आपल्या परंपरेतही हा विचार अपरिचित नाही. रामानुजांच्या अनुयायांत यावरून दोन पक्ष पडले. माकडाचे पिलू आईस घट्ट धरून राहते, तसे जीवाने देवास धरले पाहिजे, हा एक पक्ष. मांजरी आपले पिलू स्वतःच तोंडात धरून नेते, पिलाने काहीच करावयाचे नसते, हा दुसरा. ल्यूथर अर्थातच मांजराच्या पक्षाचा. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत राहिले, तेही याच कारणाने. आपल्या पदरी काही नाही हे कबूल करून दाराशी उभे राहणे वारकऱ्यास नवीन नाही.

आता नेहमीचा आक्षेप. कर्माने तरावयाचे नसेल तर मनुष्य कर्म कशास करील? तो आळशी होईल, किंवा त्याहून वाईट, निश्चिंतपणे पाप करील. या आक्षेपास तर्काने उत्तर देण्यापेक्षा केडगावचा इतिहास पुढे ठेवणे बरे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्यप्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार अशा शेकडो मुली व स्त्रिया घेऊन आल्या. १९०० च्या सुमारास गुजरातेतील दुष्काळानंतर केडगावच्या मुक्तिसदनातील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. त्यांच्यासाठी विहिरी, शेती, विणकाम आणि छापखाना उभा राहिला. अंधांस बोटांनी वाचावयास शिकविण्यात आले. या सर्व व्यापात बाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम हाती घेतले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी मरण पावण्यापूर्वी ते संपविले. आळशी माणसाचे हे चरित्र नव्हे.

हे असे का व्हावे, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. जो वही भरतो, त्याच्या दानात घेणारा मनुष्य हे एक साधन असते. धर्मशास्त्रात दानास पात्र कोण याची जी चर्चा आहे, तिचा रोख दात्यास फळ किती याकडे असतो. (अन्नदानास पात्रापात्र पाहू नये असेही शास्त्र सांगते, हे न्यायाने नमूद केले पाहिजे.) वही मिटली म्हणजे दृष्टी मोकळी होते आणि समोरचे भुकेले पोर भुकेले पोर म्हणून दिसू लागते. त्यास जेवू घातल्याने आपणांस मिळावयाचे काही उरलेले नसते. म्हणूनच मग त्यास काय हवे याचा विचार सुचतो, आणि विहीर खणणे किंवा अंधलिपी शिकविणे यांसारखी, कोणत्याही व्रतकथेत नसलेली कामे हातून होतात.

अर्थात केडगावातही नवी वही निघालीच. श्रद्धा हीच एक पुण्याची बाब होऊन बसते. माझी श्रद्धा पुरेशी आहे ना, तुझी आहे का, किती जणींची झाली, असे मोजमाप सुरू होते. शारदा सदन पुण्यास आल्यावर १८९३ साली जो गहजब झाला, त्यात 'केसरी'ची भाषा कठोर होती. पण ज्या पालकांनी धर्माच्या बाबतीत तटस्थता पाळली जाईल या भरवशावर मुली पाठविल्या, त्यांची तक्रार निराधार होती असे आम्हांस म्हणवत नाही. रानडे व भांडारकर यांच्यासारख्या मित्रांनीही तेव्हा सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. कृपा फुकट आहे असे सांगणाऱ्याने ती घेण्याची पद्धत मात्र एकच आहे असा आग्रह धरला, की ती पुरती फुकट राहत नाही.

येथवर सिद्धान्ताचे पारडे जड आहे. परंतु रमाबाई केडगावी भाषांतराची शेवटची पाने तपाशीत होत्या, त्याच काळात जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकास एक वेगळी गोष्ट घडत होती. मुळा व निळा यांच्या संगमाजवळ धरण बांधून वीज काढण्याची टाटांच्या कंपनीची योजना होती. सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याने जमिनी घेऊन द्यावयाचे ठरविले. आणि पन्नासच्या आसपास गावांच्या मावळ्यांवर भातखाचरे सोडण्याची वेळ आली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, सत्याग्रह सुरू झाला. 'जान किंवा जमीन' ही त्याची घोषणा. पांडुरंग महादेव बापट यांस 'सेनापती' ही पदवी येथेच मिळाली. विनायकराव भुस्कुटे त्यांचे सहकारी. लोकांनी बांधकामावर जाऊन काम अडविले, मार खाल्ला, तुरुंग भोगला. पुढे भरपाईचा प्रश्न आला तेव्हा सावकाराचे व कुळाचे हित एक राहिले नाही. १९२४ च्या अखेरीस चळवळ संपली आणि धरण झाले. मुळशीचे पाणी घाट उतरून भिऱ्यास जाते, तेथे वीज होते, आणि तिने मुंबई उजळते.

फळ हेच माप धरले तर मुळशीच्या कर्माची किंमत शून्य. येथे गीता आपल्या मदतीस येते. फळाची आस सोडून कर्म करावे असे ती सांगते. लोकमान्यांच्या 'गीतारहस्या'चे प्रकाशन १९१५ चे, आणि मुळशीच्या वेळी सुशिक्षितांच्या मनावर त्याचा ठसा ताजा होता. पण ल्यूथरचे म्हणणे याहून कडू आहे. गीतेतला कर्मयोगी फळ सोडतो. ल्यूथर कर्त्याचा मोठेपणाच काढून घेतो. त्याच्या मते जमिनीसाठी तुरुंगात गेलेला मावळा आणि ती जमीन मोजून घेणारा कारकून देवापुढे सारखेच रिते उभे आहेत. हे वाचून मन बंड करते, आणि ते बंड दडपू नये असे आमचे मत आहे.

कारण हा सिद्धान्त देवापुढचा आहे, आणि तो माणसांमधल्या व्यवहारास लावला की काय होते हे खुद्द ल्यूथरनेच दाखविले. १५२५ साली जर्मन शेतकऱ्यांनी आपली बारा कलमे मांडली: रानातले लाकूड, गायराने, वाजवी खंड आणि वेठबिगारीतून सुटका. ख्रिस्ताने सर्वांस सारखेच सोडविले असता आम्ही कोणाची मालमत्ता का असावे, असा त्यांचा सवाल होता. ल्यूथरने उत्तर दिले की ते स्वातंत्र्य आत्म्याचे आहे, देहाचे नव्हे. आणि दंगा वाढला तेव्हा शेतकऱ्यांस निर्दयपणे मोडून काढण्यास त्याने राजांस चिथावले. हजारो कापले गेले. देवाने कर्ज माफ केले, ही गोष्ट ज्याच्याकडून माणसांचे येणे आहे त्याच्या सोयीची कशी होते, याचा याहून ठळक दाखला आम्हांस माहीत नाही.

परंतु ख्रिस्ती शास्त्रातच याचे उत्तरही आहे. लूकच्या शुभवर्तमानात जक्कय नावाच्या श्रीमंत जकातदाराची गोष्ट येते. येशू त्यास झाडावरून खाली बोलावतो आणि आज तुझ्या घरी उतरणार म्हणतो. अट काहीच घालत नाही. आधी लुबाडलेले पैसे परत कर, असेही म्हणत नाही. कृपा प्रथम येते. आणि त्यानंतर जक्कय आपण होऊन सांगतो की, माझे अर्धे द्रव्य गरिबांस देतो, आणि ज्यास फसविले असेल त्यास चौपट परत करतो. हे चौपट तो देवास देत नाही. देवाचे काही देणे उरलेले नाही. पण ज्यांस लुबाडले त्यांचे आहे, आणि ते आता त्यास प्रथमच स्पष्ट दिसते. रमाबाईंच्या केडगावास आम्ही जे श्रेय दिले ते याच जातीचे. देवाशी असलेला हिशेब सुटला म्हणजे माणसाशी असलेला हिशेब उघडा पडतो.

मुळशीच्या बाबतीत तो कोणाचा? कंपनीचा व सरकारचा, हे झालेच. पण त्या विजेच्या उजेडात ज्यांनी अभ्यास केला, गिरण्यांत वेतने मिळविली, घरे बांधली, त्या शहरी मध्यम वर्गाकडेही त्यातला काही भाग निघतो. आणि आमचे वाचक व आम्ही त्याच वर्गातले. शिक्षणसंस्थेस वर्गणी देऊन किंवा तीर्थयात्रा करून तो फिटत नाही, कारण ज्यांचे येणे आहे ते वेगळे लोक आहेत. जमीन परत देता येत नाही; ती पाण्याखाली आहे. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने केला तो १९७६ साली, मुळशीचा सत्याग्रह संपल्यानंतर बावन्न वर्षांनी. आणि तोही पुढच्या धरणांसाठी. जक्कयाने निदान आपण कोणास फसविले ते आठवून पाहण्याची तयारी दाखविली होती. मुळशीच्या कोणत्या गावचे लोक कोठे पांगले, आणि त्यांची नातवंडे आज कोणत्या डोंगरउतारावर किंवा शहराच्या कोणत्या भागात राहतात, हे विचारण्यास तरी कोणत्याही धर्ममताची अडचण नाही.